चरबीला विष लागत नाही

माशाच्या तेलाचं नाव काढलं की माझ्या सुना नाक मुरडतात. मुरडू देत. त्यांनी दुकानातल्या पिवळ्या गोळ्या पाहिल्यात, बाटलीत भरलेल्या, बिनवासाच्या. आमचं तेल मडक्यात असायचं आणि त्याला वास असायचा, चांगला सणसणीत, अंगणात पाय ठेवला की समोर येणारा. लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा मीही नाक मुरडलं होतं आणि पहिल्याच दिवशी सासूची बोलणी खाल्ली होती.

"नदीकडची दिसते," ती शेजारणीला म्हणाली, मला ऐकू जाईल अशा बेतानं. "वाहत्या पान्याचे मासे खाऊन वाढली. हिले काय तेलाची किंमत."

माझं माहेर चामोर्शीकडचं, वैनगंगेच्या काठावरचं. सासर मूल गावाजवळ, धानाच्या मुलखात. दोन्हीकडे आम्ही ढिवरच, मासे मारून जगणारे, पण नदीचे ढिवर आणि तलावाचे ढिवर यांच्यात एकमेकांना हसण्यासारखं पुष्कळ असतं. आम्ही नदीवाले माशाचं तेल दिव्यात जाळायचो, डोंग्याला, म्हणजे होडीला, चोपडायचो. तलाववाले तेच तेल लेकरांना पाजायचे. मला ते ऐकूनच मळमळलं होतं.

सासूला आमच्यात मामी म्हणतात. माझी मामी बुटकी, काळीसावळी आणि तोंडानं भलती फटकळ. सरळ बोलणं तिला ठाऊकच नव्हतं. पाणी हवं असेल तर "आज विहीर आटली का?" असं विचारायची. पण आजूबाजूच्या कुठल्याही घरात लेकरू जन्मलं की त्या घरची बाई वाटी घेऊन तिच्याच दारात यायची. तिच्या हातचं तेल नामी, असं सगळे म्हणत. ती ते विकत नसे. वाटीत ओतताना मात्र चार गोष्टी सुनवायची, दूध कसं पाजावं, अंग कसं चोळावं, सासवांनी कुठं तोंड बंद ठेवावं.

तेल काढायची तिची रीत मी तिच्याजवळ बसूनच शिकले. रोहूच्या पोटात आतड्याभोवती पांढरी चरबी असते, मऊ, लोण्यासारखी. ती बोटांनी अलगद सोडवायची, आतडं फाटू द्यायचं नाही. मग मडक्यात थोडं पाणी घालून मंद जाळावर ठेवायची. दुपारभर ती विरघळत राहते आणि तेल वर येतं. ते शिंपलीनं वरच्यावर उचलून घ्यायचं, फडक्यातून गाळायचं, पुन्हा आटवायचं, पाण्याचा थेंब राहिला नाही पाहिजे. टोपलंभर माशांतून लहानशा गाडग्याएवढं तेल निघायचं.

आणि ही चरबी बहुतेक उन्हाळ्यातली असायची. आमच्या घरांमागं एक बोडी होती, म्हणजे लहानसा तलाव. वैशाखात तिचं पाणी मधोमध गोळा व्हायचं. तेव्हा पुरुष रानातून गेळाची फळं आणायचे, दगडावर ठेचायचे आणि टोपल्यांनी पाण्यात कालवायचे. थोड्या वेळात मासे झिंगायचे. पोट वर करून, गोल गोल फिरत काठाला यायचे आणि लहानथोर सगळे हातांनी ते गोळा करायचे. तो आमचा सणच असायचा म्हणा ना. बाया एकमेकींच्या अंगावर चिखल उडवायच्या. एरवी माझ्याशी तोलूनमापून बोलणारे सासरे त्या दिवशी मलाही हाक मारून म्हणायचे, "पोरी, मोठा पाहून धर, नवऱ्यासारखा बारका नोको धरू." नवरा बिचारा तिथंच उभा असायचा.

गेळानं झिंगलेला मासा साफ करायचा एक नियम होता आणि तो मोडायची कोणाची छाती नव्हती. पोट आणि आतडी पहिल्यांदा काढायची, लांब टाकायची, मासा तीनदा धुवायचा. कारण गेळाचं विष माशाच्या पोटात राहतं. मांसाला ते लागत नाही आणि चरबीला तर मुळीच लागत नाही. मामीनं हे मला इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी म्हणून दाखवलं असतं. तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं. तिच्या सासूला कोणी सांगितलं, देव जाणे. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तसंच केलं आणि कोणाला काही झालं नाही. नियम खोटा नव्हता. गेळापुरता तो खरा होता, हे आज मला कळतं. तेव्हा विष म्हटलं की आम्हाला गेळाचंच ठाऊक होतं.

माझी नणंद पहिलटकरीण नव्हती. तिचं सासर वरोऱ्याकडं, कापसाच्या मुलखात. आधीचं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं आणि तेव्हापासून तिकडची माणसं तिच्याशी तुटक वागू लागली होती. दुसऱ्यांदा दिवस राहिले तशी मामीनं हट्टानं तिला माहेरी आणवलं. ती माझ्यापेक्षा मोठी, म्हणून मी तिला बाई म्हणायची. मामीचा फटकळपणा तिच्यात औषधालाही नव्हता. अंगणात बसून ती माझे केस विंचरायची आणि नवऱ्याला काबूत कसं ठेवावं याच्या युक्त्या सांगायची, ज्या तिला स्वतःला एकही जमल्या नव्हत्या. त्या घरात मला पहिल्यांदा कोणी जीव लावला असेल तर तिनं.

तिला दिवस भरायच्या आतच मुलगी झाली. इतकी लहान की मी हात लावायला भ्यायले. डोकं लिंबाएवढं नव्हतं, पण मला तसंच वाटलं खरं. रडायची ती मांजराच्या पिलासारखी बारीक, आणि दूध ओढायची तिला ताकद नव्हती. सुईणीनं बाहेर येऊन मान हलवली. नणंदेनं ते पाहिलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

मामीनं सुईणीला दाराबाहेर काढलं. मग लेकीजवळ बसून म्हणाली, "इकडं पाय. तुहं काम फकत दूध देन्याचं. जगवन्याचं मी पाहीन. ही पोरगी पाऊस पडेपर्यंत निघाली ना, मग तिले काही होत नाई."

त्या घरात तेव्हापासून दुसरं काही उरलं नाही. पोरगी पावसापर्यंत निघाली, तगली पाहिजे. सासरे बाहेरून आले की आधी तेवढंच विचारायचे, "पेली का?" नवरा तिला पाहायला दाराशी यायचा आणि लाजून परत जायचा. नणंद छातीतलं दूध शिंपलीत पिळायची आणि मामी त्यात जुन्या तेलाचे दोन थेंब टाकून ते पोरीच्या गालातून आत सोडायची. थेंबाथेंबानं. एक शिंपली रिकामी व्हायला बराच वेळ लागायचा. मी कधी तिची मान धरायची, कधी माश्या वारायची. पण जुनं तेल तळाला गेलं होतं आणि नवं काढायला गेळाचा दिवस अजून आला नव्हता. मामीला त्याचा घोर लागला होता.

त्याच सुमारास फवारणीवाले आले.

हिवतापानं आमचा मुलूख पिळून काढला होता. पावसाळा सरला की घराघरांत माणसं कांबळी पांघरून थरथरत पडायची. त्यामुळं सरकारचे लोक भिंतींवर औषध मारायला येणार म्हटल्यावर सगळे खूश होते. खाकी चड्डीतली पाच-सहा माणसं आणि त्यांचा मुकादम. पांढरी भुकटी पाण्यात कालवून ते पंपानं भिंतींवर मारायचे. डीडीटी म्हणायचे तिला, आम्हीही म्हणायला शिकलो. आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या भ्यायल्या तेव्हा मुकादमानं चिमूटभर भुकटी तळहातावर घेतली, सगळ्यांसमोर जिभेला लावली आणि हसला. "माणसाले काही होत नाई," तो म्हणाला. "मच्छराले होते."

त्या माणसाचा मला आजही राग येतो आणि तो राग रास्त नाही हेही समजतं. त्याला जे शिकवलं होतं ते त्यानं करून दाखवलं. हिवताप खरोखरच कमी झाला. ते मी नाकारत नाही, नाकारलं तर माझी जीभ झडेल. माझी स्वतःची लेकरं त्यामुळंच तापावाचून वाढली. पण राग येतो तो येतोच.

त्यांचा तळ बोडीच्या पाळीवर, चिंचेखाली होता. आसपासच्या गावांची फवारणी ते तिथूनच करायचे आणि सांजचे परत येऊन पंप, बादल्या, पिंपं बोडीत धुवायचे. धुणार कुठं, पाणी तिथंच होतं. जायच्या दिवशी उरलेलं कालवलेलं औषधही त्यांनी तिथंच ओतलं. काठाला पाणी दुधासारखं झालं होतं. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं आणि कोणाच्याही मनात काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे बोडीवरून धावत आले. मी त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं. मासे झिंगले होते. अगदी गेळ टाकल्यासारखे, पोट वर करून, गोल फिरत. काही तडफडत उड्या मारत होते, तसं गेळानं होत नाही, पण तेवढं बारकाईनं कोण पाहणार. "गेळ ठेचन्याची मेहनत वाचली," सासरे म्हणाले आणि टोपली घेऊन निघाले. सगळी आळी पाण्यात उतरली. शेजारच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, हे खायचं का? त्यावर चार जणांनी त्याला मुकादमाच्या जिभेची आठवण करून दिली. जे माणूस चाटून दाखवतो ते माशातून काय करणार?

आणि तरीही मामीनं हयगय केली नाही. हे मला सांगायलाच हवं, कारण पुढं तिनं सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेतला. त्या दिवशी ती माझ्या डोक्यावर उभी होती. "हे गेळ नाई, दवाई हाय. दुप्पट धू." पोट, आतडी, गलफडं, सगळं काढायला लावलं. मासा तीनदा नाही, सहादा धुतला. आतड्यावर बोट लागलं तर हात राखेनं घासायला लावले. चरबी वेगळी काढली, तीही धुतली. एवढी काळजी तिनं आधी कधी घेतली नव्हती, कारण ते तेल नातीसाठी होतं.

आमच्या घरी एक मांजर होती, चितकबरी, चोरटी. फेकलेली आतडी तिनं उकिरड्यावरून ओढून खाल्ली. संध्याकाळी ती चुलीमागं थरथरत पडली होती, कानापासून शेपटीपर्यंत कापत. सकाळी मेली. आळीतली आणखीही मांजरं मेली. मामीनं ती मेलेली मांजर माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, "पाय. पोटातच होतं इख. आपन फेकलं ते बरं केलं." तिच्या आवाजात समाधान होतं. माझ्याही मनात तेच आलं. नियम खरा ठरला होता, डोळ्यांदेखत.

तेल मात्र सुरेख निघालं. इतकं निर्मळ तेल या घरात कधी निघालं नाही, असं मामीनं दहा जणींना सांगितलं. त्या दिवसांत आसपास दुसरं तान्हं नव्हतं, हे नशीब म्हणायचं. ते सगळं गाडगं एका पोरीसाठी राखून ठेवलं गेलं.

शिंपलीत नव्या तेलाचे दोन थेंब पडू लागले. अंगालाही तेच, सकाळ-संध्याकाळ, उन्हात बसून. आणि पोरगी सुधारली. खोटं नाही सांगत. तिचे गाल भरले. एका सकाळी तिनं पहिल्यांदा स्वतः छाती ओढली आणि नणंद हसत हसत रडली. पोरगी मोठ्यानं रडायला लागली तेव्हा सासरे अंगणातून म्हणाले, "आईवर गेली नाई, आजीवर गेली." मामीनं बाहेर येऊन त्यांना झापलं, पण तोंडभर हसू होतं. बारसं पावसाच्या पहिल्या आठवड्यात करायचं ठरलं. नाव आधी काढायचं नाही, नजर लागते, म्हणून कोणी नाव काढलं नाही.

मग एक दिवस दूध पिताना तिची हनुवटी थरथरली. थंडी वाजल्यासारखी, आणि बाहेर तर ऊन रणरणत होतं. मी नणंदेला म्हटलं, बाई, ही कापते का? ती म्हणाली, उचकी असेल. दुसऱ्या दिवशी पापण्या फडफडायला लागल्या, मग हात. मुठी आवळायची आणि सगळं अंग ताठ करायची, मग सैल सोडायची. मामीनं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं, अशक्तपणा. अशक्तपणाला तिच्याजवळ एकच औषध होतं. तिनं चोळणं वाढवलं. कोमट तेल टाळूवर, छातीवर, तळपायांवर. आम्ही तिघी पाळीपाळीनं चोळत होतो.

मूलच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं तेव्हा पोरगी निळी पडायला लागली होती. सकाळी बैलगाडी जुंपली. नणंद पोरीला पदराखाली घेऊन बसली, मामी शेजारी, मी मागं. वाटेत दोनदा झटका आला. तिसरा आला तो लांबला, आणि त्यानंतर ती सैल झाली ती झालीच. नणंदेला कळलं होतं. पण ती काही बोलली नाही, आम्ही गाडी मागं वळवायला सांगू म्हणून. दवाखान्याच्या दारापर्यंत तिनं तिला तसंच छातीशी धरलं. डॉक्टरनं पदर बाजूला केला आणि आमच्याकडं पाहिलं.

परत येताना गाडीत नणंदेच्या चोळीवर दुधाचे डाग उमटत होते. तिनं ते झाकलेही नाहीत. मामी सगळ्या वाटेत एक शब्द बोलली नाही, आणि मामी बोलत नाही म्हणजे काय, हे ज्यांनी तिला ओळखलं त्यांनाच कळेल. बोडीच्या पलीकडं खड्डा केला. त्याच आठवड्यात पाऊस आला. मी उंबऱ्यात उभी राहून त्याला शिव्या दिल्या.

नणंद सासरी गेली. उरलेलं तेल मामीनं गाडग्याचं तोंड बांधून माळ्यावर ठेवलं. कोणी वाटी घेऊन आलं तर म्हणायची, "औंदा तेल निघालं नाई." मला वाटायचं, ते तेल तिच्या नातीचं म्हणून ती देत नाही. तसंच असेलही.

पुढच्या उन्हाळ्यात फवारणीवाले पुन्हा आले. माणसं दुसरी, मुकादम दुसरा, जरा पोक्त. त्यानं तळ टाकायच्या आधीच आपल्या माणसांना बजावलं की बोडीत काही धुवायचं नाही, लांब खड्डा करून तिथंच धुवायचं. मामी आणि मी पाणी घेऊन पाळीवरून येत होतो. मामीनं विचारलं, काऊन जी, मागच्या साली तर इथंच धूत होते.

"मासे मरतात, बाई," तो म्हणाला. "आता मना हाय. आनि मेलेला मासा खान्यात आला तर तेही बरं नाई. चरबीत जाऊन बसते हे. बाकी कुठी एवढं राहत नाई, चरबीत राहते."

मामीच्या कमरेवर भरलेली घागर होती. ती तशीच उभी राहिली. "धुतलं तर?"

"धुतल्यानं जात नाई. पान्यात इरघळतच नाई ते. तेलात इरघळते."

"आटवलं तर? लई वेळ आटवलं तर?"

तो हसला, बिचारा, त्याला काय ठाऊक. "आटवलं तर पानी जाईल, बाई. ते तर राहीलच ना."

मामीनं घागर खाली ठेवली नाही. घरी आली, पाणी रांजणात ओतलं, माळ्यावरचं गाडगं काढलं आणि अंगणात घेऊन बसली. मग मला म्हणाली, "कुठी ओतू हे?" मी म्हटलं, बोडीत नको. ती म्हणाली, ते मलेही समजते. झाडाच्या मुळाशी नको, उकिरड्यावर नको, कोंबड्या टोचतील. जाळावं तर दिवा लावल्यासारखं होईल. शेवटी आम्ही दोघींनी माळरानात खोल खड्डा केला आणि गाडगं न फोडता पुरलं. माती ती हातांनीच लोटत होती. मी तिला सांगत होते, मामी, तुम्ही सहादा धुतलं होतं, मी पाहिलंय. ती म्हणाली, "म्हून तर बिनघोर पाजलं."

सासऱ्यांना तिनं सांगितलं नाही, मलाही सांगू दिलं नाही. त्यानंतर तिचा फटकळपणा गेला. पाणी हवं असलं की ती "पानी दे" म्हणू लागली. मला तिच्या बोलण्याचा केवढा जाच वाटायचा, आणि आता ती सरळ बोलली की मला ते जुनं टोचणंच हवंसं वाटायचं.

थोड्याच दिवसांत नणंद आली. तिला पुन्हा दिवस गेले होते, सातवा लागला होता. ती खंगली होती, पण आल्या आल्या माझी वेणी सोडून बसली. तिसऱ्या प्रहरी आम्ही तिघी पडवीत बसलो होतो, मी तांदूळ निवडत होते. नणंदेनं इकडंतिकडं पाहिलं आणि विचारलं, "माय, तेल काहाडलं नाई का?"

"नाई."

"काऊन?"

मी मान वर केली नाही. मग मामीनं सांगायला सुरुवात केली. बोडी, झिंगलेले मासे, मांजर, मुकादम काय बोलला ते, सगळं, काहीही न वगळता. आवाज एकसारखा होता, कोणा दुसऱ्या घरची गोष्ट सांगावी तसा. शेवटी म्हणाली, "तुह्या पोरीले मी मारलं. रोज दोन थेंब. माह्या हातानं."

मला वाटलं नणंद उठून जाईल. किंवा किंचाळेल. ती नखानं पडवीची माती खरवडत राहिली. मग म्हणाली, "दोन थेंब नव्हते, माय."

"दोनच देत होती मी."

"तू दोन देत होती. तू बाजाराले, पान्याले गेली का मी गाडगं काढत होती. ती सुधरून राह्यली होती ना. मले वाटलं, दोन थेंबानं इतकी सुधरली, तर आनखी दिलं तर पावसाच्या आत निघन. शिंपली भरून पाजली मी तिले. रोज. कापाले लागली तवा तर दोनदा पाजली."

मी सूप बाजूला ठेवलं.

मग मामी बोलली, आणि तिच्या आवाजात तो जुना फटकळपणा कुठून तरी परत आला. "खोटं बोलून राह्यली. शिंपली भरून प्याली असती तर मले गाडगं कमी दिसलं नसतं?"

"तुले दिसलं असन, पन तुहं ध्यान नव्हतं."

"ध्यान नव्हतं म्हंते. पहिल्याच थेंबात होतं ते, समजली? पहिला थेंब माहा होता. तू नंतर काय पाजलं, पाजलं का नाई पाजलं, त्यानं काही फरक नाई पडत. तुह्या अंगावर घेऊ नोको ते."

"थेंबानं कोनी मरत नाई, माय. मी मारलं."

"मी म्हंते ना, मी."

जगात माय-लेकी कशाकशावरून भांडतात, लुगड्यावरून, भावजयीवरून, कोण कोणाला जास्त लाडकं त्यावरून. मी त्या दोघींना यावरून भांडताना ऐकलं. एकमेकींच्या तोंडावर ओरडत होत्या, दोघींच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि कोणीही हटायला तयार नव्हती. नणंद सांगत होती शिंपली केवढी होती, मामी सांगत होती तसली शिंपली घरात नव्हतीच. मी मध्ये पडले नाही. खरं काय ते मला आजही ठाऊक नाही. पोरगी इतकी अशक्त होती की कदाचित तेलावाचूनही गेली असती, असंही मी मनाला सांगून पाहिलं आहे. ते त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही, आणि सांगितलं असतं तरी दोघींपैकी एकीनंही ऐकलं नसतं.

सासरे बाहेरून आले तेव्हा त्या भांडून दमल्या होत्या. त्यांनी विचारलं, काय झालं? मामी म्हणाली, "काही नाई. मायलेकीचं भांडन." आणि लेकीचं डोकं तिनं मांडीवर ओढून घेतलं. नणंदेचं पोट तेव्हा चांगलंच वर आलेलं होतं. मामीचा हात तिच्या केसांवरून फिरत होता, खांद्यावरून फिरत होता, पण पोटावर ठेवायला तो उचलायचा, तिथंच थांबायचा आणि परत केसांवर जायचा.